गॉगवर पुढचा जुना गेम कुठला? इंदूरकरांनो, लावा पैज

सराफा_रात्र · शनिवार, रात्री ११.१०

मंडळी, मागचा धागा 'सेलमध्ये काय घेतलं' इथून निघाला, गराडू कुणाकडचा चांगला इथवर पोचला आणि संपादकांनी कुलूप लावलं. म्हणून हा नवा. विषय एकच: गॉगवर पुढं काय उतरणार?

नव्या सभासदांसाठी थोडक्यात. गॉग हे पोलंडमधलं दुकान. २००८ मध्ये 'गुड ओल्ड गेम्स' या नावानं सुरू झालं तेव्हा फक्त जुने गेम विकायचं, आता नवेही असतात. विकत घेतलेल्या गेमला डीआरएमचं, म्हणजे कॉपी अडवणारं कुलूप नसतं, ही त्याची खासियत. इन्स्टॉलर उतरवा, हार्ड डिस्कवर ठेवा. नेट नसलं तरी चालतो, उद्या दुकानच उठलं तरी चालतो.

इथं 'हा यावा' असं लिहू नका. त्यासाठी गॉगची ड्रीमलिस्ट आहे, तिथं मत द्या. इथं 'हा येणार' असं लिहायचं आणि का ते सांगायचं. वर्षअखेरपर्यंत ज्याचा अंदाज खरा ठरेल त्याला छप्पन दुकानवर पोहे-जिलबी, हरलेल्यांच्या खिशातून.

माझा पत्ता पहिला: रोड रॅश, १९९६ चा पीसीवाला. भारतात एकही कॅफे असा नव्हता जिथं तो नव्हता, आणि आज कुठल्याही दुकानात अधिकृत मिळत नाही. एवढी मागणी असताना त्याची मालक कंपनी ईए किती दिवस बसून राहणार?

भिया_लोडिंग · रात्री ११.२४

भिया, रोड रॅशला आपलापण शिक्का! भंवरकुआंच्या कॅफेत कोचिंग बुडवून तेच चालायचं. समोरच्याच्या हातातली साखळी हिसकून त्यालाच हाणली की अख्खं कॅफे ओरडायचं, मग मालक येऊन स्पीकर बंद करून जायचा.

लष्करकर · रात्री ११.३१

ग्वाल्हेरहून हजेरी. ईएला गॉगचं वावडं नाही, २०११ मध्येच त्यांनी डंजन कीपर आणि अल्टिमा अंडरवर्ल्ड दिले होते. पण मी रोड रॅशवर नाही, नीड फॉर स्पीड टू एसईवर लावतो. तोही तेवढाच लाडका, आणि त्याच घरातला.

मालविका · रात्री ११.५२

लष्करकर दादा, तुमचे पैसे बुडाले. त्या गेममध्ये मॅक्लारेन एफ१ होती, फेरारी एफ५० होती, जॅग्वार होती. प्रत्येक गाडीचा परवाना वेगळा आणि मुदतीचा. मुदत संपली की विक्री बंद. ही काही जुन्याच गेमची रड नाही. फोर्झा होरायझन ४ आला २०१८ मध्ये आणि डिसेंबर २०२४ मध्ये दुकानातून उतरलासुद्धा. १९९७ च्या गेमसाठी आता एकेका मोटार कंपनीकडे कोण जाणार?

रोड रॅशची केस जरा हलकी आहे. त्यातल्या बाइक खऱ्या कंपन्यांच्या नव्हत्याच. अडणार ते गाण्यांवर. साउंडगार्डनसारख्या बँडची खरी गाणी घातली होती. तुम्ही कॅफेत खेळलात त्या कॉपीत बहुतेक गाणी-व्हिडिओ कापलेले असणार, म्हणून कुणाला आठवत नाहीत.

बडोदेकर · रविवार, सकाळी ७.४०

दांडिया बाजारातून सुप्रभात. गाणी अडतात हे खरं आहे. ॲलन वेक याच कारणानं मे २०१७ मध्ये विक्रीतून काढावा लागला होता. २०१८ मध्ये गाण्यांचे परवाने पुन्हा घेतल्यावर आला. पण ते करणारा तिथं कुणीतरी जिवंत स्टुडिओ होता, ज्याला त्या गेमची माया होती. रोड रॅशसाठी ईएमध्ये आज धावपळ करणारा कोण आहे?

भिया_लोडिंग · सकाळी ८.०५

मग गाणी काढून विका ना. आम्ही तर बिना गाण्याचाच खेळून राहिलो होतो.

जुनीसीडी · सकाळी ९.१५

सराफा_रात्र, तुमच्या कारणातच खोट आहे. मागणीवर हे ठरत नाही. माझी सगळी नोकरी रजिस्ट्री आणि नामांतरणाच्या कागदांत गेली, त्यामुळे मला गेम बघताना आधी मालक दिसतो. आपल्या रामबागेतला एखादा जुना वाडा घ्या. गिऱ्हाईक पैसे घेऊन दारात उभं आहे, भाव ठरलेला आहे. पण कागदावर वारस पाच. एक अमेरिकेत, एकाचा पत्ता कुणाला ठाऊक नाही, एक म्हणतो माझी सही मेल्यावर घ्या. वाडा पडतो, पण विकला जात नाही. गेम किती जणांना हवाय हे नंतर बघा, आधी सह्या किती लागतात ते मोजा.

उदाहरण देतो. 'नो वन लिव्ह्ज फॉरएव्हर'. मोनोलिथनं २००० साली केला, दुसरा भाग २००२ मध्ये. कुठंही विकत मिळत नाही. नाइटडाइव्ह नावाच्या कंपनीनं २०१४ च्या सुमारास तो पुन्हा आणायचा जिवापाड प्रयत्न केला. मोनोलिथ गेली वॉर्नरकडे. पहिला भाग छापला होता फॉक्सनं, दुसरा सिएरानं, आणि सिएराचं सगळं पुढं ॲक्टिव्हिजनकडे गेलं. तिघांपैकी कुणालाच नक्की सांगता येईना की आपल्याकडे काय आहे, आणि तिजोरीत जाऊन शोधायची कुणाची तयारी नव्हती. तेव्हापासून फॉक्सचं बरंचसं डिस्नेनं घेतलं आणि ॲक्टिव्हिजन मायक्रोसॉफ्टनं. म्हणजे आता सह्या हव्यात वॉर्नर, डिस्ने आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या, त्याही एका कागदावर. ज्याला लावायचे त्यानं लावावेत, मी नाही लावणार.

आता उलटं बघा. स्टार वॉर्सचे एक्स-विंग आणि टाय फायटर वर्षानुवर्षं अडकले होते. लुकासफिल्म डिस्नेकडे गेली, सही करणारा एकच उरला, आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये दोन्ही गॉगवर उतरले. फॉलआउट १ आणि २ चे विक्रीचे हक्क २०१३ संपताना इंटरप्लेकडून गेले, म्हणून गेम गायब झाले. २०१५ मध्ये तेच बेथेस्डाच्या नावानं परत आले. मधल्या काळात त्यांचे चाहते ना वाढले ना घटले. फक्त कागदावरचं नाव बदललं.

पोहेप्रेमी · सकाळी ९.४०

काका, दंडवत! वाचनखूण साठवली.

भिया_लोडिंग · सकाळी १०.०२

काका, पण मग डायनो क्रायसिसचं काय? लोकांनी मतं देऊन देऊन आणवला ना?

जुनीसीडी · सकाळी १०.२०

आणवला, कारण मतं घेऊन एकाच दारात जायचं होतं. कॅपकॉमचा गेम, कॅपकॉमच मालक. मागणीचा उपयोग तिथं होतो जिथं 'हो' म्हणणारा एकटा असतो. पाच दारं असली तर लाखभर मतं घेऊन फिरा, चार ठिकाणी चहा मिळेल.

आणि कधी कधी तर दारच सापडत नाही. एका गेमचे हक्क वारशानं ज्याला मिळाले होते तो माणूस इंग्लंडमध्ये जगापासून लांब राहत होता, तर त्याला गाठायला गॉगनं खासगी गुप्तहेर लावला होता. त्याला बिचाऱ्याला पत्ताच नव्हता की आपल्या नावावर असं काही आहे. सापडल्यावर खुशीनं तयार झाला म्हणे.

लष्करकर · सकाळी १०.३३

आमच्याकडे ग्वाल्हेरला असले वारस खूप आहेत, पण खुशीनं तयार होणारा अजून बघितला नाही.

मालविका · सकाळी ११.१०

काकांच्या हिशोबानं माझा पत्ता टाकते: कॅपकॉमचाच आणखी एक. त्यांची चाल बघा. जून २०२४ मध्ये पहिला रेसिडेंट ईव्हिल, १९९७ चा मूळ पीसीवाला. त्याच वर्षात दुसरा आणि तिसरा. जानेवारी २०२५ मध्ये डायनो क्रायसिसचे दोन्ही भाग. मग एप्रिलमध्ये ब्रेथ ऑफ फायर फोर, ज्याची पीसी आवृत्ती आपल्याकडे कुणी पाहिलीसुद्धा नव्हती. दुकान आणि मालक यांची घडी बसली आहे, करार झालेला आहे, आता फक्त पुढचं नाव काढायचं. माझं नाव: मेगा मॅन लेजंड्स. त्या काळी पीसीवर आला होता, आज पीसीवर विकत मिळत नाही, आणि सही एकाचीच.

सराफा_रात्र · सकाळी ११.३०

मालविका ताई, ही सगळी माहिती कुठून काढता? मी तर ट्विटरवर टीझर आल्यावर जागा होतो.

मालविका · दुपारी १२.०५

टीझर आला म्हणजे पैज संपली. त्याआधी बघायचं असतं. गॉग-डीबी नावाची चाहत्यांनी चालवलेली साइट आहे, दुकानाच्या कॅटलॉगमधे काहीही हललं की तिथं नोंद होते. कधी नाव नसलेली एंट्री दिसते, कधी एखाद्या जुन्या प्रकाशकाच्या नावापुढं अचानक नवा आकडा. वयोगटाचं रेटिंग देणाऱ्या संस्थांच्या याद्या चाळायच्या. बारा-पंधरा वर्षं मेलेल्या गेमला कुणी पीसीचं नवं रेटिंग घेतलं, तर उगीच नाही घेतलं. ट्रेडमार्कचं नूतनीकरण मात्र मी धरत नाही, वकील ते सवयीनं करतात.

काका, 'वकील' तुम्हाला नव्हतं. हलके घ्या.

आणि एंट्री दिसली म्हणून गेम आलाच असं नाही. डिसेंबर २०२० मध्ये तर गॉगनं डिव्होशन येणार म्हणून स्वतः जाहीर केलं आणि काही तासांत मागं घेतलं. तैवानमधल्या स्टुडिओचा गेम, त्यात चीनच्या राष्ट्राध्यक्षांची टिंगल निघाली होती, त्यावरून आधीच वाद पेटलेला. तेव्हा पैज इन्स्टॉलर हातात आल्यावरच जिंकली धरा.

बडोदेकर · दुपारी १.१५

सह्यांचं पटलं. पण कागद साफ असला तरी गेम चालायला हवा ना. माझ्याकडं एका जुन्या रेसिंग गेमची खरी, पैसे देऊन घेतलेली सीडी आहे. विंडोज १० वर ती नुसती गरगर फिरते. सेफडिस्क नावाचं जे कुलूप त्या काळी सीडीला असायचं, त्याचा ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून बंदच केला. म्हणजे पैसे देऊन घेणारा बाहेर आणि क्रॅकवाला आत. कुलूप चोरासाठी होतं, अडकला मालक.

गॉगवाले काय करतात, तर ते कुलूप कायदेशीर काढतात आणि वर आपलं काम करतात. डॉसचे गेम डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्समध्ये बांधून देतात. विंडोज ९५-९८ चे असले तर जुने डायरेक्टएक्सचे हुकूम आजच्या ग्राफिक्स कार्डाला समजतील असा थर मध्ये बसवतात. मूळ सोर्स कोड हातात असलाच पाहिजे असं नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण जुन्या स्टुडिओंनी सोर्स जपलेलाच नसतो. हीरोज ३ ची एचडी एडिशन २०१५ मध्ये यूबीसॉफ्टनं काढली, त्यात दोन्ही एक्स्पान्शन (जोड भाग) नाहीत, कारण त्यांचा सोर्सच सापडला नाही. गॉगवरच्या जुन्या कम्प्लीटमध्ये मात्र सगळं आहे.

नोव्हेंबर २०२४ पासून त्यांनी प्रिझर्व्हेशन प्रोग्रॅम काढला आहे. सुरुवातीला शंभर गेम होते. ज्याच्यावर तो शिक्का आहे तो गेम पुढच्या विंडोजवरही चालता ठेवायची जबाबदारी त्यांची.

लष्करकर · दुपारी १.४०

बडोदेकर, ते इन्स्टॉलर ठेवता कसे? मला मोठ्या गेमची भीती वाटते.

बडोदेकर · दुपारी २.००

एक छोटी सेटअप फाइल असते आणि तिच्या मागं बिन फाइलींची रांग, प्रत्येक चार जीबीच्या आत. जुन्या फॅट३२ पेनड्राइव्हवरही बसावी म्हणून असे तुकडे. बाल्डर्स गेट ३ ची रांग बघून बायकोनं विचारलं, ऑफिसचा बॅकअप का? हो म्हटलं. सगळ्या फाइली एकाच फोल्डरात ठेवा, एक जरी सुटली तरी सेटअप मध्येच थांबतो. वेगळी एक्स्टर्नल डिस्क ठेवलीत तर उत्तम. आणि गॉगच्या गॅलेक्सी ॲपमधून नको, साइटवर लॉगिन करून 'ऑफलाइन बॅकअप इन्स्टॉलर' म्हणून दिलेत ते उतरवा.

पोहेप्रेमी · दुपारी २.३०

अवांतर: किमती अजून डॉलरमध्येच दिसतात ना? स्टीम या दुसऱ्या गेम-दुकानानं २०१५ मध्ये रुपये आणले. इथं प्रत्येक खरेदीला बँकेचं फॉरेन मार्कअप लागतं, आणि कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी चालू करावा लागतो. मी सेलची वाट बघतो आणि एकदम घेतो. रिफंड मात्र तीस दिवस आहे, गेम उतरवून खेळला असला तरी. एवढा विश्वास टाकणारं दुकान मला इंदूरमध्येही ठाऊक नाही.

भिया_लोडिंग · दुपारी ३.१०

अरे नव्या गेमचं कुणीच बोलून नाही राहिलं. माझा पत्ता बदलतो: विचर ४!

मालविका · दुपारी ३.१५

ही पैज नव्हे. विचर बनवणारे सीडी प्रोजेक्ट म्हणजेच ज्यांनी गॉग काढलं ते. डिसेंबर २०२४ मध्ये सिरीला नायिका करून जाहीर झाला, येईल तेव्हा गॉगवर येणारच. शिवाय या वर्षअखेरच्या आत? स्वप्न बघ.

सराफा_रात्र · दुपारी ३.२०

धागाकर्त्याचा निर्णय: विचर ४ बाद.

पण त्यावरून आठवलं. डिसेंबर २०२५ मध्ये सीडी प्रोजेक्टनं गॉग विकलं, घेणारा त्यांच्याच दोन संस्थापकांपैकी एक, मिखाउ किचिन्स्की. यानं अंदाज बदलतात का?

बडोदेकर · दुपारी ४.०५

थोडे बदलतात. शेअर बाजारातल्या कंपनीला दर तिमाहीचा जाब द्यावा लागतो. तिथं एका गेमच्या वारसासाठी गुप्तहेर लावला तर हिशोबात विचारतात, यातून मिळालं किती. खासगी मालकाला हौस म्हणून ते परवडू शकतं. मला वाटतं नव्या मोठ्या गेमच्या मागं धावणं कमी होईल आणि जुन्याकडं लक्ष वाढेल. नव्यांच्या नादात त्यांनी एकदा तोंड पोळून घेतलंच आहे. २०२१ मध्ये हिटमॅन आणला, त्यातला निम्मा मजकूर ऑनलाइन असल्याशिवाय उघडेना. डीआरएम-फ्री म्हणून दुकान लावायचं आणि आत हे. लोकांनी एवढे वाईट शेरे मारले की पुढच्याच महिन्यात काढून टाकला.

भिया_लोडिंग · दुपारी ४.३०

बरं, मग आपल्याकडचा राजी धरता येईल का? पुण्यातल्या पोरांनी बनवलेला.

मालविका · दुपारी ४.३२

राजी २०२० पासूनच आहे तिथं. भिया, आधी दुकानात जाऊन बघ तरी.

लष्करकर · संध्याकाळी ६.१०

नीड फॉर स्पीड मागं घेतो. काकांच्या नियमानं एज ऑफ एम्पायर्स २, १९९९ चा मूळ. मालक एकटा मायक्रोसॉफ्ट. आणि त्यांना गॉग चालतं: स्कायरिमवाली बेथेस्डा कंपनी घेतल्यावर २०२२ मध्ये स्कायरिम तिथं आलाच की.

जुनीसीडी · संध्याकाळी ६.४५

सही एक, पण मालक त्याच वाड्यात राहतोय. डेफिनिटिव्ह एडिशन २०१९ पासून ते स्वतः विकताहेत. जुना स्वस्तात बाजारात आणून स्वतःच्याच गिऱ्हाइकाला दुसरं दार कशाला दाखवतील? वॉरक्राफ्टचं तेच झालं. १ आणि २ गॉगवर २०१९ मध्ये आले, ब्लिझार्डनं नोव्हेंबर २०२४ मध्ये रीमास्टर काढले आणि पुढच्याच महिन्यात जुने गॉगच्या विक्रीतून काढायला लावले. ज्यांनी आधी घेतले त्यांचे इन्स्टॉलर मात्र राहिले. गॉगनं तर विक्री थांबल्यावरही त्यांची देखभाल चालू ठेवू असं सांगितलं.

तेव्हा माझा नियम दोन कलमांचा करा: सही एक हवी, आणि त्या मालकाचं त्याच गेमवर दुसरं दुकान चालू नको. ब्लॅक अँड व्हाइट ड्रीमलिस्टवर कायम वर असतो, पण तो पहिल्या कलमातच अडतो. लायनहेडनं बनवला, ती गेली मायक्रोसॉफ्टकडे आणि २०१६ मध्ये बंद झाली. २००१ मध्ये छापला होता ईएनं. दोन दारं.

माझा पत्ता: मूळ सायलेंट हिल २. कोनामी एकटी मालक. २०२० मध्ये त्यांनी मेटल गिअरचे पहिले दोन सॉलिड आणि सायलेंट हिल ४ गॉगला दिलेच आहेत. भुताचे गेम मी खेळत नाही, रात्री झोप लागत नाही. पण कागद साफ दिसतो.

मालविका · संध्याकाळी ७.०२

काका, कागद तितका साफ नाही. २०१२ च्या एचडी कलेक्शनच्या वेळी मूळ आवाज पुन्हा वापरायचे का, यावरून नायक जेम्सचा आवाज देणाऱ्या कलाकाराशी वाजलं होतं. शेवटी त्यात जुने आणि नवे दोन्ही आवाज देऊन मिटलं. आणि तुमच्या दुसऱ्या कलमाचं काय? रीमेक २०२४ मध्ये आलाय, तो विकताहेत.

जुनीसीडी · संध्याकाळी ७.३०

आवाजवाला म्हणजे भाडेकरू निघाला. मिटलं म्हणताय, तर ताबा मिळाला असं धरतो. रीमेकचं मात्र वेगळं. एज ऑफ एम्पायर्समध्ये जुना आणि नवा एकच गेम आहे, रंग नवा. इथं कॅमेरा, मारामारी, सगळंच वेगळं केलंय, म्हणजे दोन वेगळ्या वस्तू. कॅपकॉमनं रेसिडेंट ईव्हिल २ चा रीमेक विकत असतानाच मूळचा दिला की नाही? पत्ता कायम.

सराफा_रात्र · रात्री ९.४५

काकांचं ऐकून मी पण बदलू का असा विचार केला, पण नको. रोड रॅशला सही एक आहे, दुसरं दुकान नाही, गाण्यांचा तिढा तेवढा. भिया म्हणतो तसं गाणी काढूनही चालेल. माझे पैसे तिथंच.

यादी बंद. पोहेप्रेमी, तुमचा अंदाज अजून नाही.

पोहेप्रेमी · रात्री १०.०५

मी पंच. पंच पैज लावत नाही, खातो.

लष्करकर · रात्री १०.२०

कुणी जागं आहे का? बडोदेकरांनी हीरोज ३ काढला तेव्हापासून डोक्यात तेच. हॉर्न ऑफ द ॲबिस हा त्याचा चाहत्यांनी बनवलेला मॉड टाकायचा आहे, पण माझ्याकडं स्टीमवरची एचडी एडिशन आहे. चालेल?

मालविका · रात्री १०.२६

नाही चालणार. त्याला मूळ गेम एक्स्पान्शनसकट लागतो, एचडी एडिशनवर बसत नाही. गॉगची कम्प्लीट घ्या, सेलमध्ये अगदी स्वस्त होते. आधी ती टाका, एकदा चालवून बघा, मग वर मॉड. फोल्डर सी ड्राइव्हच्या प्रोग्रॅम फाइल्समध्ये ठेवू नका, परवानग्यांची कटकट होते. पायऱ्या व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

लष्करकर · रात्री १०.२८

ताई, व्यनि नको, इथंच टाका. बडोदेकरांनाही हवं असणार.

बडोदेकर · रात्री १०.२९

हवंय.